पानं फुकट मिळतात, कार्ड फुकट बनत नाही! पाना-फुलांच्या ग्रीटिंग कार्डचा व्यवसाय कसा सुरू करायचा?



मागच्या व्हिडिओत आपण वाळवलेल्या पाना-फुलांचं ग्रीटिंग कार्ड बनवून बघितलं. त्यानंतरच्या वर्गात एका ताईंनी विचारलं, "मॅडम, पानं तर अंगणातली, फुलं पण अंगणातली. मग कार्ड २५ रुपयांना विकलं तरी सगळा फायदाच की!"

हा प्रश्न ऐकला आणि मला तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले. कारण मी अगदी हाच हिशोब केला होता, आणि चांगलीच तोंडावर आपटले होते. म्हणून आज कार्ड कसं बनवायचं एवढंच न सांगता, त्यातून पैसे कसे उरतात आणि कुठे बुडतात, ते सगळं लिहिते. व्हिडिओ बघताना जवळ ठेवायला हा लेख उपयोगी पडेल.

माझी फसलेली ऑर्डर

साताऱ्यात माझं गिफ्ट आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये पुण्यातल्या एका दुकानानं राखीसाठी १५० कार्डांची ऑर्डर दिली. भाव ठरला २५ रुपये. साहित्याला १५ रुपये लागत होते, म्हणजे कार्डामागे १० रुपये फायदा. दीड हजार रुपये सुटणार म्हणून मी खूश!

पहिल्याच पावसात नेच्याची सुंदर हिरवी पानं मिळाली. घाई होती, म्हणून पाच दिवस वहीत दाबून ठेवली आणि लगेच चिकटवली. चिकटवायचं काम आईनं केलं, तिचा हात माझ्यापेक्षा बारीक. कार्डं प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातली, पॅक केली, पाठवली.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. "मॅडम, तुमच्या कार्डांना बुरशी आलीय." सगळा माल परत. पान आतून ओलं होतं, वरून प्लास्टिक बंद, बाहेर पावसाळी हवा. दुसरं काय होणार?

मी वहीत नुकसान लिहिलं: १५० कार्डं, साहित्य २,२५० रुपये. आई शेजारी बसली होती. ती दोन गोष्टी म्हणाली. पहिली, "श्रावणात कुणी कुरडया घालतंय का गं?" आणि दुसरी, "आणि माझी मजुरी कुठे लिहिलीस?"

बीबीएला कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते, बरं का! पण धंद्याचे दोन सगळ्यात मोठे धडे मला आईनं त्या एका संध्याकाळी दिले. हा सगळा लेख त्या दोन वाक्यांवरच आहे.

धडा पहिला: हा वाळवणाचा धंदा आहे

आपल्याकडे पापड, कुरडया, सांडगे कधी घालतात? मार्च ते मे. वर्षभर खायचे असतात, पण वाळवायचे उन्हाळ्यात. कार्डाच्या पाना-फुलांचंही तसंच. राखी, दसरा, दिवाळीचा माल विकायचा असेल तर पानं उन्हाळ्यातच वाळवून डब्यात भरलेली हवीत. ऑर्डर आल्यावर पानं गोळा करायला निघालात तर उशीर झाला म्हणून समजा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. कुरडया उन्हात वाळतात, पानं-फुलं सावलीत, दाबाखाली. थेट उन्हात रंग उडतो आणि पान वाकडं होतं.

पद्धत सोपी आहे:

१. सकाळी दव सुकल्यावर पानं-फुलं गोळा करा. ओली घेऊ नका.

२. टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये एकमेकांना न चिकटतील अशी मांडा. बाहेरून वर्तमानपत्राचे थर द्या. वर्तमानपत्र थेट फुलाला लावू नका, शाईचा डाग पडू शकतो.

३. वर जाड पुस्तकं किंवा फळी आणि वजन ठेवा.

४. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला. नंतर दोन-तीन दिवसांनी. बहुतेक जण इथेच आळस करतात आणि फुलं काळी पडतात.

५. साधारण दोन ते तीन आठवडे थांबा.

वाळलं की नाही, कसं ओळखायचं? पान गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. देठ वाकवून बघा. लवचीक असेल तर थांबा, कट्‌कन तुटला तर तयार. वाळलेला माल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा.

कोणती पानं-फुलं घ्यायची?

सुरुवातीला पातळ आणि चपटं घ्या. जाड, रसाळ फुलांच्या नादाला लागू नका.

चांगली वाळतात: बोगनवेल (आधीच कागदासारखी असते, रंगही टिकतो, आणि गावोगावी मिळते), कॉसमॉस, नेचा, दूर्वा आणि इतर गवतांचे तुरे, शेवग्याची पानं, लाजाळूची पानं, शेवंती आणि झेंडूच्या सुट्या पाकळ्या.

त्रास देतात: जास्वंद (चिकट होते, काळी पडते), मोगरा (पांढरा रंग तपकिरी होतो), अख्खा झेंडू (आत ओल राहते). लाल गुलाबाच्या पाकळ्या वाळून गडद मरून होतात. तो रंग चालणार असेल तर घ्या, पण गिऱ्हाईकाला लाल रंगाचा शब्द देऊ नका.

आणि आपलं जाळीचं पिंपळपान! शाळेत पुस्तकात ठेवायचो ते. पिकलेलं पण न फाटलेलं पान बादलीतल्या पाण्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवायचं, मधूनमधून पाणी बदलायचं. वास येतो, त्यामुळे बादली गॅलरीत ठेवा. पानाचा गर कुजला की मऊ टूथब्रशनं हळूच काढायचा. नुसती शिरांची जाळी उरते. ती पुस्तकात दाबून वाळवली की कार्डावर किंवा बुकमार्कवर इतकी देखणी दिसते की माझ्या दुकानात सगळ्यात आधी तेच कार्ड संपतं.

माल कुठून आणायचा? आपलं अंगण, कुंड्या, ओळखीच्यांची बाग, सोसायटीच्या माळ्यानं छाटलेल्या फांद्यांचा ढीग. विचारून घ्या. आमच्या साताऱ्याजवळ कास पठार आहे, तिथल्या फुलांचं कार्ड बनवता येईल का असं मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. अजिबात नाही! कास हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातलं ठिकाण आहे, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथली फुलं तोडायची नसतात. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांमधूनही काही उचलायचं नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मोरपीस, फुलपाखराचे पंख असल्या गोष्टीही कार्डावर नकोत. कासचं फूल फार आवडलं तर फोटो काढा आणि घरी रंगीत कागदातून तसं फूल कापा. "निसर्गातून प्रेरणा" म्हणजे निसर्गातून तोडून आणलेलंच हवं असं काही नाही.

कागद आणि मापं

कागद घेताना दुकानदार विचारेल, "किती जीएसएम?" जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. कार्डाला २५० च्या आसपासचा घ्या. त्याहून पातळ कार्ड उभं राहत नाही.

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो मधोमध कापला की दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार. म्हणजे एका कागदात दोन कार्डं, वाया काहीच नाही. याला साडेचार बाय साडेसहा इंचाचं पाकीट लागतं. आधी पाकीट कोणतं मिळतंय ते बघा आणि मग कार्डाचं माप ठरवा. मी उलटं केलं होतं, ६० कार्डांना पाकिटंच मिळेनात!

हे कार्ड साधारण ८ ग्रॅमचं होतं. पाकिटासह १२-१३ ग्रॅम. टपालाच्या पाकिटाचा वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, त्यात ते आरामात बसतं. गिऱ्हाईकाला हे सांगा, विक्रीला मदत होते.

दुमडण्याआधी स्टीलची पट्टी ठेवून, संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलनं रेघ दाबून घ्या. घडी सरळ येते. कागदाला धाग्याची दिशा असते. हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो तीच दिशा. घडी त्याच दिशेनं घातली तर कड फुटत नाही.

थोडा महागडा माल करायचा असेल तर हातकागद वापरा. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव तर शेकडो वर्षं हातानं कागद बनवण्यासाठीच ओळखलं जातं. असा कागद सुती चिंध्यांपासून बनतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. कार्डाच्या मागे हे एका ओळीत लिहा. गिऱ्हाईक कार्ड उलटून वाचतं आणि मग भावावरून घासाघीस कमी करतं, हा माझा अनुभव आहे.

चिकटवताना फेव्हिकॉल ब्रशनं अगदी पातळ लावा. त्यात पाणी असतं, जास्त झालं की कागद गोळा होतो आणि वाळलेलं पान पुन्हा ओल धरतं. चिकटवल्यावर पुस्तकाखाली एक दिवस ठेवा. त्यानंतरच प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

धडा दुसरा: मजुरी लिहा

आता वही-पेन घ्या. माझ्या दुकानातल्या भावानं एका कार्डाचा हिशोब देते. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण रकाने हेच.

साहित्य:
- कागद (१२ रुपयांच्या ए-फोरमध्ये दोन कार्डं): ६ रुपये
- पाकीट: ४ रुपये
- फेव्हिकॉल, टिपकागद: १.५० रुपये
- पारदर्शक पाकीट: १.५० रुपये
- मागचं स्टिकर: १ रुपया
- फुकट जाणारा माल: १ रुपया

एकूण १५ रुपये. बहुतेक जण इथेच थांबतात. आपण पुढे जाऊ.

वेळ: मोबाइलचं घड्याळ लावून २० कार्डांच्या एका लॉटला किती वेळ लागतो ते मी मोजलं. पानं गोळा करून निवडणं ४० मिनिटं, दाबणं आणि कागद बदलणं ५०, कापणं आणि घडी ३०, चिकटवणं १००, अक्षर आणि शेवटचा हात ४०, पॅकिंग ४०. एकूण ३०० मिनिटं, म्हणजे ५ तास. एका कार्डाला १५ मिनिटं.

तासाची मजुरी किती धरायची? तुमच्या गावात शिवणकामाला किंवा पोळ्या करायला जो दर मिळतो तो धरा. मी ६० रुपये धरते. म्हणजे कार्डामागे मजुरी १५ रुपये.

वरखर्च: फोन, लाइट, कागद आणायला जाण्याचं पेट्रोल, प्रदर्शनाचं भाडं. कार्डामागे ५ रुपये.

आता बेरीज करा: १५ + १५ + ५ = ३५ रुपये. हे कार्ड मी २५ ला विकत होते! म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईकाला खिशातून १० रुपये देत होते. दुसऱ्या बाजूनं बघा: २५ मधून साहित्य आणि वरखर्चाचे २० गेले, उरले ५ रुपये. १५ मिनिटांना ५, म्हणजे तासाला २० रुपये. आई आणि मी दोघी मिळून साडेसदतीस तास राबलो, ते तासाला २० रुपयांवर. आणि माल परत आल्यावर तेही नाही. एवढ्या पैशात आमच्याकडे कुणी कामाला आलं नसतं. आई आली, कारण ती आई आहे.

म्हणून सांगते, घरच्या माणसाचा हात हिशोबात शून्य धरू नका. सासूबाई, आई, बहीण, मुलगी, जी कोणी मदत करते तिचं नाव वहीत लिहा, तास लिहा आणि पैसे द्या. ती काकू म्हणून "राहू दे गं" म्हणेल, तरी द्या. उद्या ५०० कार्डांची ऑर्डर आली आणि बाहेरून दोघी बोलवाव्या लागल्या, तर भावात त्यांची मजुरी आधीच असायला हवी. नाहीतर मोठी ऑर्डर म्हणजे मोठा तोटा.

मग भाव किती? थेट गिऱ्हाईकाला ७० रुपये. इतका जास्त का? कारण दुकानात माल ठेवायचा तर दुकानदाराला ४० टक्के सोडावे लागू शकतात. ७० मधून २८ गेले, तुम्हाला ४२ मिळाले, खर्च ३५. उरले ७. थेट विक्रीचा भावच ५० ठेवलात तर दुकानातून तुम्हाला ३० मिळतील, म्हणजे पुन्हा तोटा. १०० नगांच्या एकगठ्ठा ऑर्डरला मी ५५ पर्यंत येते, ५० च्या खाली कधीच नाही.

पण ७० रुपयांचं कार्ड आता घेतं कोण?

प्रश्न रास्त आहे. शुभेच्छा तर व्हॉट्सअॅपवर फुकट जातात. म्हणून "हॅपी बर्थडे" चा निरोप विकायला जाऊ नका. जिथे हातात काहीतरी द्यावंच लागतं, ते प्रसंग शोधा. आपल्याकडे असे प्रसंग वर्षभर आहेत:

- राखी आणि ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन: कार्ड आणि बुकमार्क
- दसरा: कागदी आपट्याची पानं. सोनं म्हणून आपट्याच्या, नाहीतर कांचनाच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. सोनेरी हातकागदाचं पान, मागे नाव लिहायला जागा. शाळा आणि सोसायट्या हे आवडीनं घेतात.
- दिवाळी: ऑफिसच्या भेटवस्तूंना लावायचे टॅग
- तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई: एक रुपयाचं नाणं लावलेली आहेराची पाकिटं. माझ्या दुकानात वर्षभर चालणारा माल हाच.
- संक्रांत ते रथसप्तमी: हळदीकुंकवाचं वाण. एकेक बाई एकदम ४०-५० नग नेते. छोट्या डायऱ्या, बुकमार्कचा जोड.
- २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन: शाळा आणि वाचनालयांसाठी बुकमार्क

प्रत्येक तारखेच्या दीड महिना आधी नमुना गिऱ्हाईकाच्या हातात हवा. कॅलेंडरवर आजच खुणा करा.

सुरुवातीला किती पैसे लागतात?

५० कार्डांसाठी माझा अंदाज: कागद ३००, पाकिटं २००, पारदर्शक पाकिटं ७५, स्टिकर ५०, कटर आणि स्टीलची पट्टी २००, कटिंग मॅट ३००, फेव्हिकॉल-ब्रश १००, टिपकागद १००, सिलिका जेल १००. एकूण १,४२५ रुपये. दीड हजारात सुरुवात होते. यासाठी कर्ज काढू नका, महागडी मशीनही घेऊ नका. पहिली ५० विकली गेली की मग बघू.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या साइटपासून सावध राहा. जीएसटीसाठी महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर नियम वेगळे लागू शकतात, एकदा सीएंना विचारून घ्या. बचत गटात असाल तर उमेद अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांची चौकशी करा.

कुणी म्हणालं, "माल ठेवून जा, विकला तर पैसे देतो," तर नग मोजून, तारीख घालून, सही घेतलेलं चलन हवंच. ओळखीचं दुकान असलं तरी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. पाच प्रकारची पानं-फुलं दाबून ठेवा आणि त्यावर तारीख लिहा.

२. मोबाइलचं घड्याळ लावून साध्या कागदावर पाच कार्डं बनवा. एका कार्डाला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा.

३. तुमच्या गावचा मजुरीचा दर घालून तुमचा भाव काढा. तो आकडा बघून भीती वाटली तरी खोडू नका.

आता आमच्या घरची गोष्ट. पुढच्या वर्षी आम्ही एप्रिलमध्ये कुरडया आणि पानं एकाच आठवड्यात वाळत घातली. एक गच्चीवर, एक कपाटाखाली. राखीला ८० कार्डं केली, ७० च्या भावानं थेट विकली, एकही परत आलं नाही. आईचे २० तास भरले. मी पाकिटात १,२०० रुपये घालून दिले. पाकीट अर्थातच आमचंच, पिंपळपानाचं. पैसे तिनं मोजून घेतले आणि पाकीट देवघरात ठेवलं. अजून तिथेच आहे.

पुढच्या व्हिडिओत आहेराचं पाकीट कापण्यापासून नाणं चिकटवण्यापर्यंत दाखवणार आहे. तोपर्यंत गृहपाठ करा, आणि हो, पान गालाला लावून बघायला विसरू नका!